पॉक्सोचा तपास: दोन महिने मोजायचे, पण कुठल्या तारखेपासून?

निंबोणी (धागाकर्ता)

मुलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात 'तपास मुदतीत पूर्ण' अशी बातमी आली की लोक हुश्श करतात. ही मुदत कधीपासून मोजली, हे कुणी विचारत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३(२) सांगतं की पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ४, ६ (शरीरात प्रवेश करून केलेला अत्याचार), ८ आणि १० (तसा प्रवेश नसलेला लैंगिक हल्ला) च्या गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत संपवायचा. हे दोन महिने ठाण्यात खबर *नोंदवली* त्या तारखेपासून. आईबाप पायरी चढले तेव्हापासून नाही, मूल पहिल्यांदा बोललं तेव्हापासून तर नाहीच. केंद्रीय गृह मंत्रालयाची आयटीएसएसओ ही ऑनलाइन प्रणाली २०१९ पासून अशा तपासांवर नजर ठेवते, तिचं घड्याळही एफआयआरपासूनच चालतं. म्हणजे बाकावर बसवून ठेवलेले तास कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. उलट जेवढं उशिरा लिहाल तेवढी मुदत पुढे सरकते!

बदलापूरचं उदाहरण घ्या. शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना १२-१३ ऑगस्ट २०२४ ची. पालक १६ तारखेला ठाण्यात गेले, गुन्हा त्या रात्री उशिरा नोंदला, १७ ला अटक. कागदावर हे जलद प्रकरण आहे, नोंद ते अटक एका दिवसात. २० तारखेला लोक रुळांवर उतरले ते या कागदात न मावलेल्या तासांसाठी. त्याच सुमारास तीन पोलिसांना निलंबित केलं, विशेष तपास पथक नेमलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २२ ऑगस्टला सुनावणी घेतली. शाळेने कळवलं नाही म्हणून पॉक्सोचं कलम २१ का लावलं नाही, हाही प्रश्न तिथे आला.

या धाग्यात तपासातली प्रत्येक मुदत, ती कुठून मोजतात, आणि ती कुठे गळते याची माहिती एकत्र करू. मला ठाऊक असलेल्या मुदती आधी टाकते.

खबर मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं (पॉक्सो कलम १९(६)). समितीला जाणारा अहवाल 'नमुना ब' मध्ये असतो. आरोपी त्याच घरात राहत असेल, मूल पालकांच्या आधाराविना संस्थेत असेल किंवा त्याला घर आणि पालकच नसतील, तर मुलालाच २४ तासांत समितीपुढे न्यायचं, आणि त्याला तिथून हलवायचं की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं. एरवी फक्त कळवणं पुरतं. काही ठिकाणी सरसकट प्रत्येक मुलाला समितीपुढे उभं करतात. कायद्याने ते मागितलेलं नाही, आणि मुलाला तीच गोष्ट आणखी एका खोलीत सांगावी लागते.

वैद्यकीय तपासणी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत, डॉक्टरांचा अहवाल तपास अधिकाऱ्याकडे सात दिवसांत (नागरिक सुरक्षा संहिता कलम १८४). तपास कुठवर आला हे फिर्यादी किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायचं. विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष, आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण (पॉक्सो कलम ३५).

---

रानमेवा

चांगला धागा. एक प्रश्न. मूल रात्री काही बोललं तर आधी दवाखाना की आधी ठाणं? शेजारीपाजारी हमखास सांगतात, 'पोलिसांचं पत्र असल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत.'

---

तिसरी घंटा

आधी सरकारी रुग्णालय, दुखापत असेल तर निश्चितच. पॉक्सो कलम २७ नुसार एफआयआर नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टरने किंवा रुग्णालयाने दंडाधिकाऱ्याचं पत्र वा इतर कागद मागायचे नाहीत. रुग्णालय स्वतःच पोलिसांना कळवतं, खाजगी असलं तरी तेही त्याला बांधील आहे. मुलगी असेल तर महिला डॉक्टर, आणि आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत.

आता वेळेचं. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. त्यानंतर काही मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. मुलांच्या वरवरच्या जखमा काही दिवसांत भरून येतात, खूणही राहत नाही. म्हणून 'जखम नाही' याचा अर्थ 'काही घडलं नाही' असा होत नाही. अहवालात हे वाक्य डॉक्टरने लिहिलं पाहिजे, कारण ते नसलं की पुढे उलटतपासणीत कोऱ्या रकान्याचाच दगड होतो.

कपडे. धुवायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत. ओलसर कपडा प्लास्टिकमध्ये कुजतो आणि डीएनए जातो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात. मुलाला आंघोळ घातली असेल तरी जा, कपड्यांवर बरंच काही उरतं.

संमती: १२ वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची, त्यापुढच्या मुलाला स्वतःची संमती देता येते. तपासणीला नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. आणि दोन बोटांची चाचणी (मुलीला 'सवय' आहे का हे बोटांनी बघण्याची जुनी पद्धत) कुणी करत असेल तर तिथेच थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ती मोडीत काढली आहे.

---

आवक-जावक

ठाण्यातल्या कागदांबद्दल लिहितो, कारण खरी गळती तिथेच आहे.

पॉक्सो कलम १९(२) म्हणतं की माहिती लेखी घ्यायची, तिला नोंद क्रमांक द्यायचा, माहिती देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि वहीत चढवायची. त्यामुळे 'साहेब राउंडला गेलेत, बसा' याला उत्तर एकच: माझी माहिती आत्ता घ्या आणि नोंद क्रमांक द्या. त्या क्रमांकासोबत वेळ येते, आणि तुमचं घड्याळ सुरू होतं.

कुणी घेतच नसेल तर:

- पोलीस ठाण्याच्या ईमेलवर माहिती पाठवा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने खबर देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सहीला उशीर झाला तरी पाठवल्याची वेळ कुणाला पुसता येत नाही.
- १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा, किंवा ११२ ला. फोनची वेळही कागदावर राहते.
- हद्दीचं कारण सांगितलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(१). गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंद करायची आणि मग वर्ग करायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. प्रत फुकट मिळते.
- तरीही नाही, तर पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी, स्पीड पोस्टाने. त्यानंतर दंडाधिकारी.

नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९९ आहे, सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. पण त्यातली यादी न्याय संहितेच्या कलमांची आहे आणि ती बहुतेक स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांची. पीडित मुलगा असेल तर हे कलम बहुधा हाताशी येत नाही. तिथे पॉक्सो कलम २१(१) वापरा. न *कळवणाऱ्या*बरोबर न *नोंदवणारा*ही त्यात येतो. मुलांच्या पालकांना हा फरक कुणी सांगत नाही.

आणखी एक पळवाट हल्ली दिसते. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत कलम १७३(३) प्रमाणे वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. पॉक्सो कलम ८ ची शिक्षा ३ ते ५ वर्षं, म्हणून ते या चौकटीत बसवायचा प्रयत्न होतो. माझ्या मते हे चुकीचं आहे. पॉक्सोत आधी चौकशी, मग नोंद असा क्रमच नाही, आणि दोन कायदे आपसात भिडले तर पॉक्सोच्याच कलम ४२अ नुसार पॉक्सो वरचढ. अर्जात हे तिन्ही आकडे लिहा: १९, ४२अ, १७३(३).

---

फाटकी छत्री

ठाण्याच्याही आधीची गळती शाळेत असते. मुख्याध्यापक म्हणतात, 'आधी आमची समिती चौकशी करेल.' पालकही मानतात, कारण शाळेचं नाव, मुलीचं नाव. आठ-दहा दिवस यातच जातात. तोवर तो कर्मचारी बाकीच्यांशी बोललेला असतो.

कायदा काय म्हणतो? पॉक्सो कलम १९(१) मध्ये खात्रीची अट नाही. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी कळवायचं. शाळेने तथ्य शोधत बसणं अपेक्षितच नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. खाजगी शाळांच्या सेवाशर्तींत विभागीय चौकशीला साधारण १२० दिवस दिलेले आहेत. ती चौकशी नोकरीपुरती. ती खुशाल चालू द्या, पण पोलिसांना कळवल्यावर आणि समांतर.

डॉक्टरांनाही हेच लागू. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो आदेश फिरवला.

---

उलटतपासणी

सगळं ठीक, पण दुसरी बाजू? २४ तासांत सगळं उरकायचं म्हणजे कुणाचंही नाव घेतलं की आत. शिक्षक आता मुलाच्या पाठीवर हात ठेवायला घाबरतात.

---

निंबोणी

@उलटतपासणी, नोंद करणं म्हणजे अटक करणं नव्हे. २४ तास आहेत ते लिहिण्याचे, कळवण्याचे आणि वैद्यकीय तपासणीचे. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्यासाठी पॉक्सो कलम २२ आहेच (मूल मात्र त्यातून वगळलंय). आणि निर्दोष माणसाला सुटायचं असेल तर त्यालाही तेच लागतं: त्या दिवसाचं चित्रण, हजेरीपट, फोनचं ठिकाण. उशिरा तपासात या गोष्टी त्याच्याही हातून जातात. मग उरतो फक्त संशय, तो गावात जन्मभर पुरतो.

---

तांबडा दिवा

चित्रणाचा विषय निघालाच आहे तर आकडेमोड सांगतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट धरला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबी. डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) दोन टीबीची डिस्क असेल तर अकरा-बारा दिवसांत ती भरते आणि सर्वांत जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुणी मुद्दाम पुसायची गरजच नाही, नुसतं थांबलं की झालं! बदलापूरच्या शाळेचं पंधरा दिवसांचं चित्रण सापडत नसल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं.

म्हणून पहिल्याच दिवशी शाळेला लेखी द्यायचं: अमुक तारखांचं चित्रण राखून ठेवा, रेकॉर्डिंग थांबवा किंवा डिस्क बदला. पोच घ्या. तपास अधिकाऱ्याने पंचनाम्यात तीन गोष्टी लिहायला हव्यात. डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक (हे घड्याळ दहा-वीस मिनिटं चुकलेलं असणं अगदी नेहमीचं). डिस्कचा अनुक्रमांक. आणि प्रतीचं हॅश मूल्य (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा आकडा). सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. भाग ब राहून गेला म्हणून न्यायालयात चित्रण दाखवताना अडलंय असं घडतं.

कॉल रेकॉर्डची तेवढी घाई नसते. कंपन्यांना ते दोन वर्षं ठेवावे लागतात. घाई आहे ती डीव्हीआरची.

---

खडीसाखर

मुलाच्या जबाबाबद्दल. इथे वेळ वाचवण्याच्या नादात पालकच नुकसान करतात.

मूल बोललं की पालक मोबाइल काढतात आणि विचारतात, 'काकांनी इथे हात लावला ना? सांग, लावला ना?' हे चित्रीकरण पुढे बचाव पक्ष आनंदाने वापरतो, कारण उत्तर प्रश्नातच आहे. पुन्हा पुन्हा विचारलं की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. त्यापेक्षा मूल जे आपणहून बोललं ते जसंच्या तसं वहीत, तारीख-वेळ आणि कुणासमोर बोललं यासकट. अवयवाला मूल जो शब्द वापरतं तोच लिहायचा. सुधारून शुद्ध मराठी करायची नाही. बस, पुढचं प्रशिक्षित माणसावर सोपवा.

पोलिसांनी जबाब घरी किंवा मुलाला हवा तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकारी, हुद्दा उपनिरीक्षकाखाली नाही, अंगावर गणवेश नाही, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही (पॉक्सो कलम २४). आई-वडील किंवा विश्वासाचं माणूस हजर. भाषा वेगळी असेल तर दुभाषी. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाचा जबाब मराठीत 'समजून घेऊन' लिहिला तर तो त्या मुलाचा जबाब उरत नाही.

दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३) लवकर व्हावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तारखा सांगता येत नाहीत, खुणा येतात: 'गणपतीच्या सुट्टीच्या आधी', 'नवीन दप्तर आणलं त्या दिवशी'. पहिल्या आठवड्यात या खुणा ताज्या असतात आणि पालकांना त्या तारखेशी जुळवता येतात. दोन महिन्यांनी त्या घरातल्या बोलण्यात मिसळून जातात.

आणि मूलच सहा महिन्यांनी बोललं असेल तर? घाबरू नका. मुलांच्या प्रकरणात नुसत्या उशिरामुळे फिर्याद फेकून देत नाहीत. पण उशिराचं कारण *फिर्यादीतच* यायला हवं: मूल कधी बोललं, कुणाजवळ, मधे घरच्यांनी काय केलं. नंतर साक्षीत सांगितलेलं कारण रचलेलं वाटतं.

---

संपादक मंडळ

स्मरणपत्र: चालू प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही (नाव, गल्ली, शाळेचा वर्ग, पालकांचा व्यवसाय) लिहू नये. पॉक्सो कलम २३ सामान्य माणसालाही लागू आहे. वरचा एक प्रतिसाद याच कारणाने काढला आहे.

---

मांडवीकाठ

गोव्याची भर. आमच्याकडे २००३ चा गोवा बाल कायदा आहे, पॉक्सोच्या नऊ वर्षं आधीचा, आणि पणजीला बाल न्यायालय. गुन्हे बहुतेक वेळा दोन्ही कायद्यांखाली नोंदतात. या कायद्यामागे मडगावच्या फ्रेडी पीट्स प्रकरणाची (अनाथाश्रमाच्या आड मुलांवरचे अत्याचार) सावली आहे. अटक १९९१ ची, शिक्षा १९९६ ला. पर्यटनाच्या राज्यात वेळेचा वेगळाच पेच असतो. संशयिताचा व्हिसा किंवा परतीचं तिकीट चार-सहा दिवसांचं असतं, म्हणून इथे पहिल्याच दिवशी लूकआउट परिपत्रकाची (संशयिताला देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना) विनंती जायला हवी. ती तपास अधिकाऱ्याच्या यादीत चौथ्या-पाचव्या क्रमांकावर गेली की आरोपपत्र फरारी माणसाविरुद्ध लिहावं लागतं.

---

रानमेवा

दोन महिने उलटले आणि तपास संपला नाही तर आरोपीला आपोआप जामीन मिळतो ना?

---

आवक-जावक

नाही, इथे दोन वेगळी घड्याळं आहेत आणि वकीलसुद्धा घोळ घालतात.

दोन महिन्यांची मुदत चुकली तर वरिष्ठांना उत्तर द्यावं लागतं, त्याहून काही होत नाही. जामिनाचं घड्याळ नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ चं. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचे गुन्हे (पॉक्सो ४ आणि ६) असतील तर ९० दिवस, कलम ८ आणि १० असतील तर ६० दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपी जामीन मागू शकतो आणि तो हक्क म्हणून मिळतो.

म्हणून पहिल्या दिवशी कुठलं कलम लागलं याला एवढं महत्त्व. कलम ६ ऐवजी चुकून १० लावलं की तपासाचे ३० दिवस कमी. फिर्यादीची प्रत हातात पडली की कलमं तपासा: वय १२ च्या आत आहे का, आरोपी शाळेचा कर्मचारी किंवा नातेवाईक आहे का, पुन्हा पुन्हा घडलंय का. यातलं काहीही असेल तर गुन्हा 'गंभीर स्वरूपाचा' ठरतो.

दुसरी अडचण सीए रिपोर्टची (न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल). कलिना, पुणे, नागपूर वगैरे प्रयोगशाळांत मुद्देमाल जातो आणि अहवाल मागे राहतो. तो नाही म्हणून दोषारोपपत्र अडवायचं कारण नाही. ते दाखल करायचं, अहवाल पुरवणी म्हणून. मुद्देमाल ठाण्यातून प्रयोगशाळेत *कधी गेला* ही तारीख मात्र विचारा. सील केलेलं पाकीट दोन-तीन आठवडे मालखान्यातच पडून राहतं आणि दोष प्रयोगशाळेवर येतो. रक्त-नमुने गरम खोलीत राहिले तर अहवाल 'निष्कर्ष नाही' असा येतो, तो वेगळाच.

---

खडीसाखर

दोषारोपपत्रानंतरच्या ३० दिवसांवरही कुणीतरी लिहा. मुलाची साक्ष तेवढ्यात व्हायची, पण आरोप निश्चित झाल्याशिवाय साक्ष नाही. आरोपी वकील देत नाही, मग दोषमुक्तीचा अर्ज, मग सरकारी वकील बदलतात, आणि तारखा पडत जातात. उशिराची कारणं न्यायालयाने नोंदवायची असतात, ती रोजनाम्यात आहेत का हे सहायक व्यक्तीने बघावं. बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती (तपास आणि खटल्यात मुलाला साथ देणारं माणूस) मागून घ्या, ती दर महिन्याला समितीला अहवाल देते. अंतरिम भरपाईसाठी निकालाची वाट बघावी लागत नाही, एफआयआरनंतर कधीही अर्ज करता येतो आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. मनोधैर्य योजनेचा (अत्याचारपीडितांना राज्य सरकारची आर्थिक मदत) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

---

उलटतपासणी

त्यापेक्षा मुदतच कमी करा ना. महाराष्ट्राच्या 'शक्ती' विधेयकात (स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं) तपास ३० दिवसांत होता.

---

निंबोणी

ते डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. आणि तिथेही ३० दिवस नोंदीपासूनच मोजायचे होते. प्रयोगशाळा, महिला अधिकारी, दुभाषी तेवढेच ठेवून मुदत निम्मी केली तर ठाणे अंमलदाराला नोंद पुढे ढकलण्याचं आणखी एक कारण मिळतं. मला विचाराल तर ठाण्याच्या दारावरच्या कॅमेऱ्यात पालक आत आल्याची वेळ असतेच. ती आणि एफआयआरची वेळ, दोन्ही दोषारोपपत्रात शेजारी शेजारी छापा.

---

रानमेवा

शेवटची शंका: ६०/९० दिवस अटकेपासून की कोर्टात हजर केल्यापासून?

---

आवक-जावक

पहिल्या रिमांडपासून, आणि रिमांडचा तो दिवसही धरायचा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. शेवटचा दिवस रविवारी आला म्हणून सोमवारी दाखल केलं तर चालत नाही. शुक्रवारीच न्या.